वाचकांचे प्रश्न : फ्लामेंको स्पेनबाहेर

गेल्या अंकात या सदरात फ्लामेंको या गाणे, नाच आणि गिटार यांच्या स्पॅनिश कलेच्या स्पेनबाहेर भरणाऱ्या महोत्सवांविषयी एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. ही कला परदेशी गेल्याने विटत नाही, असे मत मी त्यात मांडले होते. त्यावर बरीच पत्रे आली. काही वाचकांनी या मतालाच हरकत घेतली आहे, काहींनी पोशाखाविषयी विचारले आहे, तर काहींना मैफलीत कसे वागावे हे जाणून घ्यायचे आहे. त्यांतील काही प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आपले मत मला पटले नाही. फ्लामेंको हे दक्षिण स्पेनच्या आंदालुसिया प्रांतातील हितानो, म्हणजे स्पेनच्या रोमा लोकांच्या वस्त्यांतून, त्यांच्या दुःखातून आलेले गाणे आहे. टोकियोच्या किंवा न्यूयॉर्कच्या रंगमंचावर ते सादर झाले, तर ती नक्कलच होणार नाही का?

उत्तर : आपल्या हरकतीमागची कळकळ मला समजते आणि तिचा पूर्वार्ध तर मला पूर्णपणे मान्य आहे. सेव्हिलमधील नदीपलीकडचे त्रियाना, हेरेसमधील सांतियागो आणि सान मिगेल हे मोहल्ले, कादिसचे बंदर, ग्रानादाच्या साक्रोमोंते टेकडीतील गुहा या जागांशी फ्लामेंकोची नाळ जोडलेली आहे. ३० जुलै १७४९ रोजी राजाच्या हुकमाने स्पेनभरातील हितानो कुटुंबांना एकाच वेळी पकडण्याची मोहीम सुरू झाली, बायकामुलांची पुरुषांपासून ताटातूट करण्यात आली आणि पुरुषांना आरमाराच्या गोद्यांमध्ये सक्तीच्या कामाला जुंपण्यात आले. लोहारकाम हा अनेक हितानो घराण्यांचा पिढीजात धंदा होता. गिटारीच्या साथीशिवाय, कधी नुसत्या ऐरणीवरच्या ठोक्यांवर गायला जाणारा ‘मार्तिनेते’ ऐकताना हा इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. तो ठाऊक नसताना झालरींचा झगा आणि टाचांचा आवाज एवढ्यालाच फ्लामेंको समजणे अन्यायाचे आहे, याविषयी आपल्यात दुमत नाही.

मतभेद आहे तो यापुढे. फ्लामेंको आधी आंदालुसियात पूर्णपणे घडला आणि मग कधीतरी बाहेर गेला, असे आपण गृहीत धरले आहे, आणि इतिहास तसे सांगत नाही. या गाण्याला आणि नाचाला ‘फ्लामेंको’ हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मिळाले. त्याच काळात ‘काफे कांतांते’ नावाची, खानपानासोबत गाणे आणि नाच सादर करणारी ठिकाणे सुरू झाली आणि घरच्या अंगणातली ही कला पहिल्यांदा तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांसमोर उभी राहिली. सेव्हिलमध्ये असे गाजलेले कॅफे चालवणारा थोर गायक सिल्व्हेरियो फ्रांकोनेत्ती हितानो नव्हता. त्याचे वडील इटालियन होते आणि त्याने स्वतः तारुण्यातील काही वर्षे दक्षिण अमेरिकेत घालवली होती. १८८९ च्या पॅरिस विश्वप्रदर्शनात ग्रानादाच्या हितानो नर्तकींचा ताफा नाचला आणि त्यात हेरेसची विख्यात नर्तकी हुआना ‘ला माकार्रोना’ होती. आल्मेरियाची कार्मेन दाउसेत, म्हणजेच ‘कार्मेनसिता’, अमेरिकेत इतकी लोकप्रिय झाली की १८९४ मध्ये एडिसनच्या स्टुडिओत तिचे नृत्य चित्रित झाले. परदेशी रंगमंच हा फ्लामेंकोच्या आयुष्यात उतारवयात आलेला पाहुणा नाही, तो जवळजवळ त्याचा बालमित्र आहे.

मग स्पेनचे यादवी युद्ध आले. बार्सिलोनाच्या समुद्रकाठच्या सोमोर्रोस्त्रो झोपडपट्टीत वाढलेली कार्मेन आमाया १९३६ मध्ये देशाबाहेर पडली, ब्वेनोस आयरेसमार्गे पुढे न्यूयॉर्कला पोहोचली आणि पुरुषी पायघोळ विजार घालून तिने केलेल्या पदन्यासाने स्त्रीच्या फ्लामेंको नृत्याची कल्पनाच बदलून टाकली. पाम्प्लोनात जन्मलेला हितानो गिटारवादक साबिकास तिच्यासोबत गेला, पुढे न्यूयॉर्कमध्येच स्थायिक झाला आणि १९९० मध्ये तिथेच वारला. गिटारला साथीदाराच्या खुर्चीतून उठवून एकल वाद्य म्हणून जगापुढे आणण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे, आणि ते काम मुख्यतः परदेशात राहून झाले. या कामाला नक्कल कोण म्हणेल?

जपानची गोष्ट निराळी आहे आणि मला ती विशेष प्रिय आहे. १९२९ मध्ये आंतोनिया मेर्से, म्हणजे ‘ला आर्खेंतिना’, टोकियोत नाचली. ती केवळ फ्लामेंको करीत नसे, स्पॅनिश नृत्याच्या अनेक शैली तिच्या हाती होत्या. त्या प्रेक्षागृहात विशीतला काझुओ ओनो बसला होता. पुढे ‘बुतो’ या आधुनिक जपानी नृत्यप्रकाराचा आधारस्तंभ झालेल्या या कलावंताने ती संध्याकाळ जन्मभर जपली आणि सत्तरी ओलांडल्यावर, १९७७ मध्ये, तिला वंदन करणारी नृत्यरचना सादर केली. त्याने तिच्यासारखे नाचून दाखवले नाही. तिच्यामुळे आपल्या आत जे जागे झाले ते त्याने आपल्या देहाने मांडले. १९६७ मध्ये टोकियोच्या शिंजुकू भागात फ्लामेंकोचे ‘ताब्लाओ’, म्हणजे लाकडी मंच असलेले भोजनगृह, सुरू झाले आणि जवळपास अर्धशतक स्पेनमधील कलावंत तिथे महिनोन्महिने मुक्काम करून नाचत आणि शिकवत राहिले.

याचे फळ ऑगस्ट २०२४ मध्ये दिसले. मुर्सिया प्रांतातील ला उनिओन या खाणकामगारांच्या गावी १९६१ पासून फ्लामेंकोची मानाची स्पर्धा भरते. तिथला नृत्याचा सर्वोच्च पुरस्कार ‘एल देस्प्लांते’ त्या वर्षी जपानमध्ये जन्मलेल्या आणि वीसहून अधिक वर्षे सेव्हिलमध्ये राहिलेल्या जुंको हागिवारा हिला मिळाला. स्पेनबाहेर जन्मलेल्या नर्तकीला हा मान प्रथमच मिळत होता. प्रेक्षागृहातील काहींनी तेव्हा नापसंतीचे आवाज काढले. आपला प्रश्न तोच आहे, म्हणून या प्रसंगाचा मी बराच विचार केला. ज्या गावात ती स्पर्धा भरते, तिथले खाणकामगारांचे गाणेदेखील आल्मेरियाकडून पोट भरायला आलेल्या परमुलखातील मजुरांनी आणले आणि तिथल्या मातीत वाढवले. वीस वर्षे एका गावात राहून, तिथली भाषा, तिथला ताल आणि तिथले गाणे अंगी मुरवलेल्या बाईला परकी म्हणायचे असेल, तर मग त्या गाण्यालाही परके म्हणावे लागेल.

प्रश्न : ठिपक्यांचा, झालरींचा तो झगा प्रत्येक फ्लामेंको नर्तकी घालते का? छायाचित्रांत कधी तो गुडघ्याखाली फुललेला दिसतो, तर कधी मागे लांब शेपटी असते. डोक्यावर उंच कंगवा आणि जाळीदार ओढणीही दिसते. या सगळ्याचा नेमका अर्थ काय?

उत्तर : आपल्या पाहण्यात तीन वेगवेगळ्या प्रसंगांचे पोशाख एकत्र आले आहेत. परदेशातील अनेक उत्सवांतही हीच सरमिसळ होते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

ठिपक्यांचा, कमरेपाशी घट्ट आणि खाली झालरींनी फुललेला झगा हा मुळात जत्रेचा पोशाख आहे. त्याला ‘त्राखे दे फ्लामेंका’ म्हणतात, ठिपक्यांना ‘लुनारेस’ आणि झालरींना ‘व्होलांतेस’. सेव्हिलची एप्रिल जत्रा १८४७ मध्ये गुराढोरांचा बाजार म्हणून सुरू झाली आणि ती सुरू करण्यात पुढाकार घेणाऱ्या दोघांपैकी एक बास्क व एक कातालान होता, म्हणजे दोघेही आंदालुसियाबाहेरचे. बाजारात आलेल्या हितानो आणि शेतकरी बायका स्वस्त सुती कापडाचे, झालरी लावलेले साधे झगे घालून येत. ते इतके देखणे दिसत की हळूहळू शहरातील सधन घरांच्या स्त्रियांनीही ते उचलले आणि १९२९ च्या सेव्हिल येथील इबेरो-अमेरिकन प्रदर्शनानंतर तो जत्रेचा मान्य पोशाख झाला. कष्टकरी बायकांच्या अंगावरचे कापड प्रतिष्ठितांनी आपलेसे केले, एवढे मात्र तो घालताना लक्षात असावे. हा पोशाख गोठलेला नाही. एके काळी तो गुडघ्यापर्यंत आखूड झाला होता, नंतर पुन्हा घोट्यापर्यंत आला; बाह्या, गळे, रंग दरवर्षी बदलतात आणि सेव्हिलमध्ये त्यांचे खास फॅशन प्रदर्शन भरते. इतक्या उघडपणे फॅशनबरोबर चालणारा पारंपरिक वेष मला तरी दुसरा माहीत नाही. सोबत केसांत फूल, कानांत मोठ्या कड्या आणि खांद्यांवर छोटी शाल असते.

मागे लांब शेपटी असलेला झगा म्हणजे ‘बाता दे कोला’, आणि तो रंगमंचाचा आहे. एकोणिसाव्या शतकातील स्त्रियांच्या घोळदार पोशाखातून तो आला. शेपटी मीटरभर किंवा त्याहूनही लांब असते, झालरींचे थरावर थर असल्यामुळे वजन काही किलोंवर जाते आणि नर्तकीला ती पायाच्या फटकाऱ्याने उचलून, वळवून, पुन्हा जागच्या जागी टेकवावी लागते. हाताने ती ओढली तर पाहणाऱ्याला लगेच कळते. त्रियानाच्या माटिल्दे कोराल यांनी हे तंत्र पिढ्यांना शिकवले. गेल्या काही वर्षांत पुरुष नर्तकही ‘बाता दे कोला’ घालून नाचू लागले आहेत. मानुएल लिन्यान याचे या प्रकारचे काम अत्यंत उत्कट आहे, आणि ते पाहिल्यावर हा झगा स्त्रीचा की पुरुषाचा हा प्रश्न माझ्या मनात उरला नाही.

उंच कंगवा म्हणजे ‘पेइनेता’ आणि जाळीदार ओढणी म्हणजे ‘मांतिया’. ही जोडी सेव्हिलमध्ये ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातील गुरुवारी, काळ्या पोशाखावर, गांभीर्याने घातली जाते. लग्नांत आणि बैलांच्या झुंजींनाही ती दिसते. ठिपक्यांच्या जत्रेच्या झग्यावर ती चढवणे तिथल्या बाईला खटकते. परदेशातील उत्सवांच्या आयोजकांनी एवढी एक गोष्ट पाळली, तरी पुष्कळ होईल.

आता ज्या वस्त्राविषयी आपण विचारले नाही, पण जे सगळ्यांत सुंदर आहे, त्याविषयी. लांब झालरीची, रेशमी भरतकामाची मोठी शाल ‘मांतोन दे मानिला’ या नावाने ओळखली जाते. नावात मनिला असले तरी ती विणली आणि भरली जाई चीनमध्ये, कँटनच्या परिसरात. १५६५ ते १८१५ या काळात स्पेनची जहाजे मनिलाहून मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरापर्यंत जात. तिथून माल खुष्कीने व्हेराक्रुझला आणि मग अटलांटिक ओलांडून स्पेनला येई. या शालींवर आधी पॅगोडे, बांबू आणि चिनी पक्षी असत. पुढे आंदालुसियातील बायकांनी भरतकाम स्वतः हाती घेतले, पॅगोड्यांच्या जागी गुलाब आणि कार्नेशन आले, पिओनीची फुले मात्र राहिली, आणि शालीच्या कडेला गाठी मारून केलेली झालर लांब लांब होत गेली. सेव्हिलजवळचे कांतियाना हे गाव अजूनही या कामासाठी प्रसिद्ध आहे. माद्रिदच्या ब्लांका देल रेय यांनी या शालीला घेऊन ‘सोलेआ’ हा फ्लामेंकोचा संथ प्रकार नाचण्याची जी रीत रूढ केली, तिच्यात शाल कधी पंख होते, कधी ओझे, कधी नुसतीच सावली. चीनमध्ये भरलेले, फिलिपाइन्सच्या नावाने ओळखले जाणारे, मेक्सिकोवरून आलेले हे वस्त्र ज्या कलेने आपल्या खांद्यावर घेतले, तिला परदेशाचे वावडे असेल कसे?

प्रश्न : फ्लामेंकोच्या कार्यक्रमात प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून साथ द्यावी का? ‘ओले’ केव्हा म्हणायचे?

उत्तर : साथीच्या टाळ्या वाजवू नयेत, ही माझी अगदी मनापासूनची विनंती आहे. फ्लामेंकोत टाळी हे वाद्य आहे. तिला ‘पाल्मास’ म्हणतात. बोटे दुसऱ्या तळव्यावर मारून काढलेली खणखणीत टाळी वेगळी, दोन्ही तळहात पोकळ करून वाजवलेली दबकी टाळी वेगळी, आणि एकाच्या मात्रेवर तर दुसऱ्याची मात्रेच्या मध्ये अशी दोघांची गुंफण चालते. या साऱ्याचा पाया म्हणजे ‘कोंपास’, तालाचे आवर्तन. ‘सोलेआ’ बारा मात्रांचा असतो आणि वजन तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या व बाराव्या मात्रेवर पडते. म्हणजे आधी तिनातिनांचे दोन खंड आणि मग दोनादोनांचे तीन. ‘बुलेरिया’ याच बारा मात्रांवर, पण भरधाव चालते आणि गणना बाराव्या मात्रेपासून धरली जाते. ‘तांगोस’ चार मात्रांचे. ‘सेगिरिया’ची विषम चाल सवय नसलेल्या कानाला सापडता सापडत नाही. सभागृहातून शंभर हात एकसारख्या मात्रांवर पडू लागले की मंचावरचे आवर्तन झाकोळते आणि गायकाचा श्वास अडखळतो.

‘ओले’ची गोष्ट मात्र निराळी आहे. कलावंत आणि जाणते श्रोते अधूनमधून जी उत्तेजनाची दाद देतात तिला ‘हालेओ’ म्हणतात. ती ओळ संपल्यावर, आवर्तन मिटल्यावर, गिटारीचा एखादा तुकडा नेमका समेवर आल्यावर उमटते. गाण्याच्या मैफलीत जागा घेतली गेली की ‘वा’ कसे आपोआप निघते, तसेच हे आहे. ते आतून आले तर जरूर द्यावे. येत नसेल तर गप्प बसून ऐकणे हीसुद्धा तिथे मोठी दाद मानली जाते.

प्रश्न : रोमा लोक मूळ भारतातले, तेव्हा फ्लामेंको हे कथकचेच रूप आहे, असे वाचले. हे खरे आहे का?

उत्तर : रोमा लोकांचे पूर्वज वायव्य भारतातून गेले, याला भाषेचा पुरावा भक्कम आहे. स्पेनच्या हितानोंच्या ‘कालो’ बोलीत पाण्याला ‘पान्यी’ म्हणतात. यापेक्षा जवळचा दुवा मराठी वाचकाला काय सांगावा! पण त्यांनी भारत सोडला तो सुमारे हजार वर्षांपूर्वी, आणि स्पेनमध्ये त्यांची पहिली लेखी नोंद १४२५ ची, आरागोनच्या राजाने दिलेल्या प्रवासाच्या परवान्यातली. लखनौ आणि जयपूरच्या दरबारांत कथकला आजचे रूप आले ते त्यांच्या प्रस्थानानंतर कैक शतकांनी. त्यामुळे एकातून दुसरे निघाले असे म्हणता येत नाही. दोन्हींत पायांनी ताल बोलतो हे खरे, पण कथकचा अनवाणी तळवा आणि घुंगरू वेगळे, आणि टाचेला व चवड्याला खिळे ठोकलेला फ्लामेंकोचा जोडा वेगळा. फ्लामेंकोत आंदालुसियाची लोकगीते आहेत, अरबी अमलाच्या काळातील संगीताचे संस्कार आहेत, कादिस बंदरातून आलेले अमेरिकेतील आफ्रिकी ताल आहेत. क्यूबाची छाया असलेल्या ‘ग्वाहिरा’सारख्या प्रकारांना तिथे ‘जाऊन परत आलेली गाणी’ असेच म्हणतात. आज फ्लामेंकोच्या प्रत्येक मंचावर दिसणारी ‘काहोन’ ही लाकडी पेटी तर पेरूची आहे; गिटारवादक पाको दे लुसियाने ती १९७० च्या दशकात लिमाहून आणली आणि आता ती जन्मापासून तिथलीच वाटते. या दोन नृत्यांची भेट आपल्या काळात घडू शकते आणि घडलेलीही आहे. कथक नर्तक अक्रम खान आणि फ्लामेंको नर्तक इस्राएल गाल्व्हान यांनी २०१४ मध्ये एकाच मंचावर ती घडवली. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचा पूर्वज असल्याचा दावा केला नाही, म्हणूनच मला ती भेट महत्त्वाची वाटते.

प्रश्न : कॅस्टानेट्सशिवाय फ्लामेंको होतो का?

उत्तर : होतो, आणि बहुतेक वेळा तसाच होतो. कॅस्टानेट्स मुख्यतः ‘एस्कुएला बोलेरा’ या अभिजात स्पॅनिश नृत्यात आणि जत्रेत जोडीने नाचल्या जाणाऱ्या ‘सेव्हियानास’मध्ये वाजतात. खोल फ्लामेंकोत बोटे मोकळी लागतात, कारण मनगट आणि बोटांची वळणे हाच हातांचा अभिनय असतो.

प्रश्न : स्पेनला जाणे शक्य नसेल, तर फ्लामेंको चांगल्या प्रकारे कुठे पाहता येईल?

उत्तर : फ्रान्समध्ये जुलैत मों-द-मार्सान येथे १९८९ पासून, तर नीम येथे जानेवारीत महोत्सव भरतो. दक्षिण फ्रान्समध्ये स्पेनच्या निर्वासितांची आणि हितानोंची जुनी वस्ती असल्याने तिथला प्रेक्षक जाणता आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतील आल्बुकर्की येथे १९८७ पासून महोत्सव चालतो आणि तिथे विद्यापीठातही फ्लामेंको शिकवला जातो. लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात मोठे कलावंत येतात. युनेस्कोने १६ नोव्हेंबर २०१० रोजी फ्लामेंकोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हापासून त्या तारखेच्या आसपास अनेक देशांत छोटे कार्यक्रम होतात. शक्य असेल तर मोठ्या सभागृहापेक्षा एखाद्या ‘पेन्या’त, म्हणजे रसिकांच्या मंडळात, जावे. तिथे ध्वनिवर्धक नसतो आणि गाणारा हाताच्या अंतरावर बसलेला असतो.

प्रश्न : माझी भाची फ्रान्समध्ये तुलूझला शिकते आणि तिथल्या फ्लामेंकोच्या वर्गात दाखल झाली आहे. वर्षअखेरीच्या कार्यक्रमासाठी तिला लांब शेपटीचा झगा घ्यायचा आहे. तो आत्ताच घ्यावा का?

उत्तर : आत्ता घेऊ नये, असे मी आग्रहाने सुचवीन. ‘बाता दे कोला’ पेलायला पाठ, कंबर आणि मांड्या तयार व्हाव्या लागतात आणि त्याला काही वर्षांचा रियाज लागतो. घाईने घातलेला तो झगा नर्तकीलाच पाडतो. तिचे पहिले पैसे जोड्यांवर खर्च व्हावेत. जोडा चामड्याचा, घोट्याला घट्ट, भक्कम टाचेचा असावा, आणि टाच व चवडा दोन्हीकडे खिळे बारीक व दाट ठोकलेले असावेत, कारण खिळे विरळ असले तर आवाज फुटका येतो. सरावासाठी जाड कापडाचा, खाली एकच झालर असलेला साधा घेरदार घागरा पुरे. कार्यक्रमात तोच घालून, केस बांधून, एक फूल माळून ती उभी राहिली तर त्यात काहीही कमी नाही.

आणि तिला एक निरोप द्यावा. वर्गात पदन्यास शिकवतील, तो ती शिकेलच. पण बाईंना विचारून आठवड्यातून एक तास गाण्याच्या साथीला नुसते टाळ्या वाजवायला बसावे. फ्लामेंकोत नर्तकी गाण्याला उत्तर देते, त्यामुळे गायकाची ओळ कुठे संपते हे तिला ऐकू यायला हवे. सुरुवात ‘सोलेआ’पासून करावी. तो संथ असतो, बारा मात्रा मोजायला उसंत देतो, आणि पास्तोरा पाव्होन, म्हणजे ‘ला निन्या दे लोस पेइनेस’, हिच्या आवाजातील जुनी ध्वनिमुद्रणे सहज ऐकायला मिळतात. त्या ध्वनिमुद्रणांवर आधी चार आठवडे बसल्या जागी मात्रा धरून मगच तिने पाय उचलावा.